बौद्ध (कोणालाही येईल)

महामाया घरी जन्मापासून बौद्ध होती. शाळेत ती पाचवीत झाली.

पाचवीतल्या जानेवारीत दीपक सर वर्गात आले, चष्मा कपाळावर चढवला, हजेरीपटावरून बोट फिरवत फिरवत तिच्या नावापाशी थांबले आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जणू हरवलेली चावी सापडली. "महामाया! वा! उभी राहा बेटा." महामाया उभी राहिली. सरांनी तिला वरून खाली एकदा पाहिलं आणि शेजारच्या वर्गातल्या मॅडमना दारातूनच ओरडून सांगितलं, "मॅडम, बौद्ध मिळाला!"

तेव्हापासून दहावीपर्यंत दर सव्वीस जानेवारीला महामाया बौद्ध म्हणून उभी राहत आली. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत ती शाळेत कोण होती, याच्याशी सांस्कृतिक विभागाला देणंघेणं नव्हतं.

हे विद्यालय धामणगाव बढ्याच्या पलीकडे सहा किलोमीटरवर. पाचवी ते दहावी. दीपक सर मराठी शिकवायचे आणि सांस्कृतिक विभाग सांभाळायचे. सांस्कृतिक विभाग म्हणजे एक लोखंडी पेटी. खामगावला भाड्यानं कपडे देणाऱ्या एकानं दुकान गुंडाळलं, तेव्हा सरांनी ती शाळेसाठी उचलून आणली होती. दर सव्वीस जानेवारीला 'विविधतेत एकता' त्या पेटीतून बाहेर निघायची, डांबरगोळ्यांच्या वासासकट.

पेटीत पाच पिशव्या. प्रत्येक पिशवीवर सरांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली:

हिंदू (मोठा).
मुस्लिम (लहान).
शीख (डोक्याला घट्ट).
ख्रिश्चन (पंखांसहित).
बौद्ध (कोणालाही येईल).

यातली गंमत अशी, की हिंदूचं धोतर आणि फेटा एखाद्या धिप्पाड माणसासाठी शिवलेला, आणि मुस्लिमची शेरवानी पाचवीतल्या पोराच्या मापाची. शाळेतला सगळ्यात धिप्पाड मुलगा शेख मुजम्मिल. दहावीतला सगळ्यात बारका मुलगा अविनाश, घरी दोन वक्त आरती. सरांनी मापं पाहिली आणि निर्णय घेतला. तेव्हापासून मुजम्मिल हिंदू आणि अविनाश मुस्लिम. अविनाशची उंची वाढावी म्हणून त्याची आई त्याला रोज दोन पेले दूध पाजायची, आणि ती वाढू नये म्हणून दीपक सर देवापुढं हात जोडायचे. आतापर्यंत सरांचं ऐकलं जात होतं.

शीख व्हायला ज्याचं डोकं लहान तो. मग त्या पोराला वर्षभर "काऊन बे लहान डोक्याच्या" ऐकावं लागायचं. ख्रिश्चन व्हायची सातवीतली रेणुका, कारण पांढरा फ्रॉक तिला यायचा. पंख मुळात परीच्या पोशाखाचे होते, पण फ्रॉकसोबत एकाच पिशवीत आले म्हणून सरांनी ते ख्रिस्ती धर्मात धरले.

म्हणजे पाचांतले चार जण जे नव्हते ते व्हायचे. फक्त महामाया जी होती तीच व्हायची. मापाचा प्रश्नच नाही. साडी सहावारी, पांढरी. पाचवीतल्या पोरीला दोनदा गुंडाळली की झाली, दहावीतल्या पोरीला एकदा.

साडी नेसवायचं काम महामायेच्या आईचं, सुवर्णाचं. सुवर्णा अंगणवाडी सेविका. दर वर्षी सकाळी सहाला तोंडात पिना धरून ती निऱ्या घालायची आणि पिनांच्या फटीतून दर वर्षी तेच बोलायची.

"पांढरी आपण पौर्णिमेले नेसतो, वंदनेले नेसतो. झेंडावंदनाले कोण नेसते व?"

"सरायनं सांगितलं."

"सरायले सांग, तुयी माय झेंडावंदनाले निळी नेसते. काठाची."

"काठाची पेटीत नाही, माय."

"मंग तू पेटीतली हायेस का?"

महामाया सहा वर्षं पांढरी साडी नेसून, हात जोडून, डोळे अर्धे मिटून लाइनीत उभी राहिली. डोळे किती मिटायचे तेही सरांनी ठरवून दिलं होतं. पूर्ण मिटले तर झोप लागल्यासारखं दिसतं, उघडे ठेवले तर, सर म्हणायचे, "तू कोणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी दिसतेस."

ती खरंच तशी दिसायची. त्यात सरांची काही चूक नव्हती.

कारण महामायेला लाइन नको होती, माईक हवा होता.

माईक पुष्पांजलीकडे होता. पुष्पांजली म्हणजे संस्थेचे अध्यक्ष किसनराव यांची नात. गावात किसनरावांचं शिवार एका नजरेत मावत नाही, आणि पुष्पांजलीच्या बोलण्यात 'ण' तोंडात मावत नाही. सुट्टीत पुण्याला मावशीकडे राहून आल्यापासून ती 'पाणी' असं म्हणायची, की ऐकणाऱ्याला तहान लागावी. सूत्रसंचालनाची तिची एक वही होती, गुलाबी, चारोळ्यांनी भरलेली. ती दर वर्षी सुरू व्हायची:

"रंग वेगळे, गंध वेगळे, एकच आपुली बाग,
पाच धर्मांची पाच फुले ही, नाही कुणावर राग!"

नाही कुणावर राग म्हणताना ती नेमकी महामायेकडे पाहायची, कारण डोळे अर्धे मिटलेलं ते फूल रागानं लालबुंद झालेलं असायचं.

महामायेला माईक हवा होता तो हौसेनं नाही. तिला तो येत होता. गावातल्या विहारात पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. साठेक बायका, दिवसभर निंदणं-खुरपणं करून आलेल्या, कुणी पाय चोळतेय, कुणी लेकराला थोपटतेय. त्यांच्यापुढं आठवीपासून महामाया वाचायची. पहिल्या रांगेत मनकर्णाबाई, वय पंचाहत्तर, कानानं कमी. दोन ओळी झाल्या की मनकर्णाबाईचा हात वर.

"पोरी, आवाज गिळू नको. उपाशी हायेस का?"

तीन पावसाळे मनकर्णाबाईला ऐकू जाईल असं वाचल्यावर माणसाचा आवाज जसा होतो, तसा महामायेचा झाला होता. स्वच्छ, सावकाश, शेवटच्या माणसापर्यंत. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन गावात आता तिच्याशिवाय कोणाला सांगतच नव्हते. शाळेत मात्र हा आवाज पाच वर्षं हात जोडून गप्प होता.

यंदा दहावी. शेवटची सव्वीस जानेवारी. महामाया आठ तारखेला शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"सर, यंदा सूत्रसंचालन मी करू?"

दीपक सरांचं एक होतं. ते प्रसन्न असले की पुस्तकातलं बोलायचे. राग आला की पहिल्या मिनिटाला पुणे सुटायचं, दुसऱ्या मिनिटाला अकोला यायचं आणि तिसऱ्या मिनिटाला थेट जळगाव जामोद. आत्ता ते प्रसन्न होते.

"अगं, उत्तम विचार आहे! तुझी वाणी चांगलीच आहे. परंतु मग बौद्ध कोण होईल?"

"वर्गात आणखी तिघीजणी आहेत सर."

"आहेत. पण, म्हणजे बघ, नाव. महामाया! नुसतं नाव पुकारलं तरी अर्थ कळतो. तिघींपैकी एकीचं नाव स्वीटी आहे."

"मग स्वीटी बौद्ध नाही का?"

"आहे ना! कागदोपत्री आहेच. पण पाहुण्यांना कळलं पाहिजे."

"सर, पिशवीवर तुम्हीच लिहिलं आहे, कोणालाही येईल."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. पुणे सुटलं. "येईल! पण शोभली पाहिजे की नाही? बौद्धाला चेहरा शांत लागतो. तुझा चेहरा शांत आहे."

"माझा?" महामाया एवढ्या जोरात म्हणाली, की कोपऱ्यात पेपर तपासणाऱ्या मॅडमनी मान वर केली.

अकोला आलं. "हे पाहा, यंदा विस्तार अधिकारी साहेब येऊन राहिले आहेत. अध्यक्ष साहेब मंचावर राहतीन. पुष्पांजलीची भाषा शुद्ध आहे."

"सर, मी पण शुद्ध बोलते. विहारात मी..."

"विहारात बोल ना बापा! तिथं कोण अडवून राह्यलं तुले? शाळेत कायले?" जळगाव जामोद. "जाय. साडी धुऊन आण. मागच्या वर्षी पिवळी पडली होती."

महामाया गेली. जाताना तिनं दारातच सरांचं "शोभली पाहिजे की नाही" असं काही करून दाखवलं, चष्म्यासकट, की बाहेर पाण्याच्या टाकीवर बसलेला मुजम्मिल हसता हसता घसरला.

"यार महामाया, तुले माईक नाही देत तं मीच नाही होत हिंदू," तो म्हणाला. "बस झालं. पाच साल झाले. मागच्या टाइमले धोतर सुटलं होतं, माह्या अब्बानं स्टेजच्या मागून धरून ठेवलं."

"तू नाही झाला तं अविनाश होईन."

"अविनाश कायचा हिंदू होईन? धोतरात दोन अविनाश बसतीन."

मुजम्मिलच्या वडिलांची साऊंड सर्व्हिस होती. गावात लग्न असो, गणपती असो, विहार असो की उरूस, आवाज त्यांचाच. झेंडावंदनालाही माईक त्यांचाच यायचा, बिनतारी, एकच.

सव्वीस जानेवारीला झेंडा साडेसातला फडकला. त्यानंतर पाच धर्म मंचासमोर लाइनीत उभे केले गेले आणि साहेबांची वाट पाहणं सुरू झालं. आठ वाजले, नऊ वाजले. रेणुकेचा एक पंख गळाला, तो सरांनी सेलोटेपनं चिकटवला. शिखाची पगडी एवढी घट्ट होती, की त्याला स्वतःचं नाव आठवत नव्हतं. मुजम्मिल दोन्ही हातांनी धोतर धरून उभा. अविनाशची शेरवानी काखेत उसवली, तेव्हा दीपक सरांनी वर आभाळाकडे पाहिलं. पोरगं शेवटी वाढलंच होतं.

मंचावर किसनराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बसले होते. त्यांच्या मागं मान्यवर, त्यांच्याही मागं कोण जाणे कोण. पुष्पांजली माईक घेऊन उभी, एका हातात गुलाबी वही.

साडेनऊला जीप आली. विस्तार अधिकारी साहेब उतरले, घाईत होते. त्यांना अजून दोन शाळा करायच्या होत्या. प्रत्येक गोष्टीला "व्हेरी गुड" म्हणायची त्यांना सवय होती. हार घातला तरी व्हेरी गुड, हारातली मुंगी चावली तरी व्हेरी गुड. पुष्पांजलीनं बागेची चारोळी म्हटली. साहेब म्हणाले, "व्हेरी गुड. जरा तो माईक द्या," आणि माईक तिच्या हातातून घेऊन मंचावरून सरळ लाइनीपाशी उतरले. हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. दीपक सर जागीच ताठ झाले.

साहेब शेरवानीपाशी थांबले. "हां बेटा! तुमच्याकडे ईदला काय करतात? सांग सगळ्यांना." आणि माईक अविनाशच्या तोंडापुढं धरला.

अविनाश खोटं बोलणारा पोरगा नव्हता. "सर, मुजम्मिलकडे जातो. शीरखुर्मा पितो. मग घरी येतो."

"व्हेरी गुड," साहेब म्हणाले, पण जरा गोंधळले. ते फेट्यापाशी सरकले. "आणि तू? गणपतीची आरती येते का?"

मुजम्मिलला ती येत होती. साऊंड सर्व्हिसच्या पोराला दहा दिवस, दोन वेळा, मंडळ कोणतंही असो, ऐकावी लागतेच. त्यानं अशी खणखणीत म्हटली, की मागच्या बायकांनी टाळ्या धरल्या. साहेब गहिवरले. "याला म्हणतात घरचे संस्कार! नाव काय बेटा?"

"शेख मुजम्मिल शेख रऊफ."

साहेबांचा व्हेरी गुड तोंडातच राहिला. दीपक सरांनी हात छातीवर ठेवला. साहेब शिखाला आणि पंखांना काहीच न विचारता पुढं झाले आणि थेट शेवटी, अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांपाशी आले.

"तू बौद्ध," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं. मग सावध होऊन विचारलं, "म्हणजे... खरी?"

"हो सर."

"व्हेरी गुड!" साहेबांना एवढा आनंद झाला, की त्यांनी माईक तिच्या तोंडापुढं न धरता सरळ तिच्या हातातच दिला. "दोन शब्द बोल. शांतीबद्दल वगैरे."

महामायेनं डोळे पूर्ण उघडले.

माईक हातात आला आणि तिनं आधी मैदानाच्या शेवटच्या टोकाकडे, कडुनिंबाखाली बसलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. तिथपर्यंत गेलं पाहिजे.

"नमस्कार. आमच्याकडे शिकवतात, की कोणी सांगितलं म्हणून ऐकू नये, स्वतः विचारावं. म्हणून मी विचारते." आवाज कडुनिंबापर्यंत गेला. म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. "आपल्या कार्यक्रमपत्रिकेत यानंतर काय आहे? यानंतर आहे सहावीच्या मुलींचं समूहगीत. मुलींनो, या. तबला इकडे. साहेबांना विनंती, आपण मंचावर आसनस्थ व्हावं, ऊन वाढतंय."

साहेब निमूटपणे आसनस्थ झाले. शाळेत पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या उन्हाचा विचार केला होता.

दीपक सर लाइनीच्या मागून वाकून वाकून आले. "महामाया, माईक दे. पुष्पांजलीला दे."

महामायेनं माईक तोंडापासून हलवलाच नाही. "सांस्कृतिक विभागप्रमुख दीपक सरांनाही विनंती, की त्यांनी आपली जागा घ्यावी. सकाळपासून ते उभे आहेत. त्यांच्यासाठी एकदा जोरदार टाळ्या."

टाळ्या पडल्या. टाळ्यांत माईक हिसकावून घेता येत नाही. सर बसले. पुष्पांजली दोन मिनिटं वही उघडून उभी राहिली, मग तीही एका खुर्चीवर बसली आणि चपलेतून पाय काढून चोळू लागली. सहा वर्षांत ती शाळेच्या कार्यक्रमात पहिल्यांदा बसली होती. तिचा चेहरा वाईट वाटल्यासारखा नव्हता.

समूहगीत झालं. कवायत झाली. महामाया सगळं हाकत राहिली, साडीचा पदर कमरेला खोचून. कोण कुठून आला, कोणाचं नाव काय, कोणाचा भाऊ कोणत्या वर्गात, तिला सगळं पाठ. गाव ऐकत बसलं. कडुनिंबाखालचा एक म्हातारा म्हणालाही, "आज समजून राह्यलं लेकाचं, दरसाली इथं काय चालते ते."

मग बक्षिसांची चिठ्ठी तिच्या हातात आली. परीक्षक साहेब आणि किसनराव. चिठ्ठीवर लिहिलेलं: वेशभूषा. प्रथम मुस्लिम, द्वितीय हिंदू.

"वेशभूषा स्पर्धा. प्रथम क्रमांक," महामायेनं वाचलं आणि थांबली. "चिठ्ठीत नाव नाही. मुस्लिम एवढंच लिहिलं आहे."

अविनाश उठला. मुजम्मिलही उठला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बस ना बे, मी आहे मुस्लिम," अविनाश म्हणाला.

"तू शेरवानी हायेस. मुस्लिम मी हाय."

"मंग दुसरं बक्षीस कोणाचं?"

"ते बी माहंच. धोतर मी धरलं हाय सकाळपासून."

मैदान हसून लोळू लागलं. साहेबांनी किसनरावांच्या कानात काहीतरी विचारलं, किसनरावांनी दीपक सरांकडे पाहिलं, आणि दीपक सरांनी पेटीकडे, जणू ती उघडली तर आत जाऊन बसता येईल. शेवटी महामायेनंच निकाल दिला: दोघांना दोन वह्या, कोणी कोणती घ्यायची ते त्यांनी घरी ठरवावं.

साहेब घड्याळ पाहू लागले. "फोटो घेऊ आणि मी निघतो. पाच धर्म एकत्र. वर पाठवायचा आहे."

पाच धर्म मंचावर आले. साहेब मध्ये, किसनराव शेजारी. फोटोवाला मोबाइल धरून मागं मागं सरकला आणि ओरडला, "चारच आहेत! बौद्ध कुठं गेला?"

"बौद्ध सूत्रसंचालन करते आहे," महामाया माईकवर म्हणाली. ती मंचाच्या कडेला, किसनरावांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर उभी होती.

दीपक सर घामाघूम झाले होते. विचार करायची वेळ नव्हती. त्यांना खुर्चीत पाय चोळणारी पुष्पांजली दिसली. मोकळी पोरगी. मंचावर सत्काराच्या शालींचा ढीग होता. सरांनी त्यातली पांढरी शाल ओढली आणि तिच्या खांद्यावर टाकली. "पुष्पांजली, पटकन. इथं उभी राहा, हात जोड. दोन मिनिटं बौद्ध हो."

पुष्पांजलीनं हात जोडलेसुद्धा. डोळेही अर्धे मिटले. सहा वर्षं समोरून पाहिलं होतं तिनं.

किसनराव खुर्चीतून अर्धे उठले. "ओ सर! आपली पुष्पा काऊन त्यात?"

"अध्यक्ष साहेब, नुसती फोटोपुरती."

"मुसलमान करा, सरदार करा, काय करायचं ते करा. हे नका करू."

"साहेब, एक फोटोच तर..."

"फोटोत तं मुळीच नको! सोयरिकीचे पाहुणे येऊन राह्यले मार्चात. मोबाइलवर फिरते हे सारं. त्यायच्यात उभी केली म्हणतीन, आपल्या पोरीले."

तो आवाज कडुनिंबापर्यंत गेला. त्याही पुढं, रस्त्याच्या पलीकडच्या पानटपरीपर्यंत गेला. माईक चालू होता. महामायेनं तो कोणाच्या तोंडापुढं धरला नव्हता. ती नुसती हातभर अंतरावर उभी होती आणि माईक चांगल्या प्रतीचा होता.

मैदानात कोणी हसलं नाही. बायकांच्या घोळक्यात सुवर्णा उभी होती, निळ्या काठाच्या साडीत. तिच्या आजूबाजूच्या बायका तिच्याकडे पाहायचं टाळत होत्या. पुष्पांजलीनं शाल खाली ठेवली नाही, अंगावरही ठेवली नाही. ती हातात धरून आजोबांकडे पाहत राहिली.

किसनराव आपलाच आवाज कर्ण्यातून ऐकून खाली बसले. साहेब म्हणाले, "व्हेरी..." आणि पुढचा शब्द गिळला. मग दीपक सरांनी, धन्य त्यांची, पुष्पांजलीच्या हातातली पांढरी शाल घेतली, स्वतःच्या अंगावर ओढली आणि चष्म्यासकट, हात जोडून लाइनीच्या शेवटी उभे राहिले. फोटो निघाला. पाचही धर्म पूर्ण भरले. तो फोटो आजही शाळेच्या ग्रुपवर आहे.

महामायेनं कार्यक्रमपत्रिका पाहिली. एकच बाब राहिली होती. आईकडे पाहिलं. सुवर्णानं मान हलवली नाही, डोळाही हलवला नाही. फक्त तशीच ताठ उभी राहिली.

"आता," महामाया म्हणाली, मनकर्णाबाईला ऐकू जाईल अशा आवाजात, "अध्यक्षीय भाषण. दर वर्षीप्रमाणे विषय आहे सर्वधर्म समभाव. माननीय किसनराव यांना मी विनंती करते, की त्यांनी आपले विचार मांडावेत."

आणि माईक त्यांच्या हातात दिला.

किसनराव उठले. खिशातून कागद काढला. हा कागद गेली बरीच वर्षं तोच होता. मागच्या साली त्यांनी तो लॅमिनेट करून घेतला होता. सारं गाव त्यांच्या तोंडाकडे पाहत होतं. त्यांनी कागद उन्हात इकडून तिकडून फिरवला, एकदा घसा खाकरला, म्हणाले, "जय हिंद," आणि बसले.

"धन्यवाद," महामाया म्हणाली. "कार्यक्रम संपला असं जाहीर करते. लाडू रांगेत घ्या."

सोमवारी तिला शिक्षकांच्या खोलीत बोलावणं आलं. दीपक सर एकटेच होते. आज ते पुण्यात नव्हते, अकोल्यात नव्हते, जामोदातही नव्हते. कुठलं बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं.

"माईकचं बटन असते ना महामाया?"

"असते, सर."

"मग बंद करता येत नव्हतं?"

"येत होतं. पण सूत्रसंचालकानं मधेच माईक बंद करू नये, हे तुम्हीच पुष्पांजलीले सांगता."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "फेब्रुवारीत निरोप समारंभ आहे. पुष्पांजली नाही म्हणते. तिनं वहीच आणून दिली मले." गुलाबी वही खरंच टेबलावर होती. "मी तुझं नाव टाकलं असतं गं. पण आता, काय आहे, अध्यक्षांना विचारावं लागेल."

महामायेनं वहीकडे पाहिलं, उचलली नाही.

"विचारा ना सर," ती म्हणाली. "पण माईकवर विचारा."